झाडाची आवराआवर

(स्मृती व्याख्यानमाला, पुष्प दुसरे : व्याख्यानाचा लिखित मजकूर)



संयोजकांचा फोन आला, विषय काय देताय म्हणून. मी म्हटलं, रेड मेपल. पलीकडे जरा वेळ शांतता. मग अदबीने प्रश्न आला, ‘पण ताई, ते झाड आपल्याकडे होतं का?’ नाही होत. पुण्यात नाही, नाशकात नाही, महाबळेश्वरातही नाही. तरी आजचा तास मी त्याच झाडावर घालवणार आहे. सत्तावीस वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सीत राहून मी ते विकलं, लावलं, एकदा स्वतःच्या हाताने मारलंही. आणि ज्यांच्या नावाने आपण इथे जमलोय, त्या सरांनी वर्गात टाकलेलं एक कोडं मला त्या झाडापाशी सुटलं.

सरांचे विद्यार्थी इथे बरेच दिसतायत, त्यांना आठवत असेल. हर्बेरियमच्या कागदावर आम्ही पान चिकटवायचो, खाली कुळ, जाती, ठिकाण, तारीख लिहायचो आणि कौतुकाच्या अपेक्षेने सरांपुढे धरायचो. सर चष्मा वर करून विचारायचे, ‘हे पान झाडाला केवढ्याला पडलं?’ आम्ही हसायचो. पान काय बाजारातून आणलंय? मग ते हिशेब मांडायचे. एवढं नत्र, एवढं स्फुरद, एवढी साखर, एवढं पाणी. हे सगळं मुळांनी जमिनीतून ओढून वर चढवायचं आणि आठ-दहा महिन्यांनी पान गाळून टाकायचं. ‘एवढी उधळपट्टी करणारं झाड जगेल का?’ असं म्हणून ते फळ्याकडे वळायचे. उत्तर आमच्यावर सोडून.

मी तिकडे पोचले ती ऑक्टोबरात. पहिला गोंधळ शब्दांचा. ऑटम म्हणजे शरद ऋतू, असं शाळेत घोकलेलं. पण आपला शरद म्हणजे पाऊस ओसरल्यावरचं धुतलेलं आभाळ, कोजागिरी, आटवलेलं दूध. आपली पानगळ शिशिरातली, आणि तीसुद्धा थंडीने कमी आणि पाणी आटल्याने जास्त. न्यू जर्सीत हे दोन ऋतू एकमेकांवर चढलेले. कोजागिरीला आम्ही मागच्या अंगणात शाली पांघरून दूध प्यायचो आणि पातेल्यात वरून लाल पान पडायचं.

दसऱ्याला सोनं कुठून आणायचं, हा आणखी एक प्रश्न. आपटा तिकडे नाही. आमच्या दाराशी रेडबड नावाचं लहानखुरं झाड होतं. पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, दसऱ्याच्या सुमाराला पिवळं पडायला लागलेलं. मुलांनी तीच पानं शेजारपाजारच्या मराठी घरांत वाटायची, असा रिवाज पडला. खूप पुढे, नर्सरीत नोकरी लागल्यावर, मी जाड पुस्तकात पाहिलं : रेडबड आणि आपटा शेंगांच्या कुळातल्या एकाच लहान शाखेवरचे निघाले. चुलत घराणं म्हणा. म्हणजे सोनं अगदीच खोटं नव्हतं.

तर, नर्सरी. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा मी तिथे काउंटरवर उभी राहिले. वनस्पतिशास्त्राची पदवी होती, पण कुंडी उचलायला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिथे शिकले. एप्रिलात, सगळं जग फुललेलं असताना, जोडपी यायची. नवं घर, पुढे मोकळी हिरवळ. ‘आम्हाला लालभडक होणारं झाड हवंय.’ मी सांगायची, ‘मग ऑक्टोबरात या.’ मालकांना हे मुळीच पसंत नव्हतं, पण मला अजूनही तोच सल्ला बरोबर वाटतो. ज्या झाडाचा रंग हवा, ते रंगात असताना स्वतःच्या डोळ्यांनी बघून निवडावं.

कारण रेड मेपल हे काही एकसारखं झाड नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपासून थेट फ्लोरिडापर्यंत त्याचा पसारा आहे. दलदलीत उभं राहतं, कोरड्या उतारावरही तगतं. बियांपासून आलेली रोपं रांगेत लावा : एक रक्तासारखं लाल होईल, शेजारचं नारिंगी, तिसरं नुसतं पिवळं, चौथं पिवळट हिरवं होऊन मुकाट गळेल. नावातलं ‘रेड’ खरं तर पानगळीच्या रंगाचं वचन नव्हेच. मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर येणारी फुलं लाल, पानाचा देठ लाल, कोवळी डहाळी लाल, तेव्हा नावाला तेवढं पुरेसं आहे. शिवाय बी कुठल्या मुलखातलं, हेही बघावं लागतं. दक्षिणेकडच्या बियांचं रोप उत्तरेत लावलं, तर त्याला झोपायची घाई नसते आणि पहिलं कडक हिव त्याला जागेपणीच गाठतं.

म्हणून तिकडे नाव दिलेल्या जाती विकतात. नाव दिलेली जात म्हणजे एकाच निवडक झाडाची पुन्हा पुन्हा काढलेली प्रत, आपल्या हापूससारखी. न्यू जर्सीतल्याच प्रिन्स्टन नर्सरीजने १९६१ साली ‘ऑक्टोबर ग्लोरी’ बाजारात आणली. पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉनात ‘रेड सनसेट’ निघाली. ही लवकर रंगते, तर ‘ऑक्टोबर ग्लोरी’ नावात ऑक्टोबर असून कित्येकदा नोव्हेंबरपर्यंत ताटकळत ठेवते. उत्तरेकडच्या अधिक थंड मुलखात तर तिचा मुहूर्त येण्याआधी कडक हिव पडतं आणि हिरवी पानंच करपतात. ‘ऑटम ब्लेझ’ हा रेड मेपल आणि सिल्व्हर मेपलचा संकर. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ऑलिव्हर फ्रीमन यांनी १९३३ मध्ये असे संकर केले होते, त्यांच्याच नावाने ही जमात ओळखली जाते. वाढ झपाट्याची, रंग खात्रीचा, आणि म्हणूनच नव्या वसाहतींत ती इतकी झाली की रस्ते एकसुरी दिसायला लागले.

हापूसशी तुलना केली खरी, पण ती अर्ध्यावर तुटते. रायवळ आंब्याच्या कोयीवर हापूसचं कलम सुखाने नांदतं. रेड मेपलचं तसं नाही. खुंट आणि कलम यांचं पटत नाही आणि तेही लगेच कळत नाही. पाच-सात वर्षं झाड डौलाने वाढतं, आणि एखाद्या वादळात जोडावर कट्‌कन मोडतं. तुटलेल्या जागी आत बघावं तर दोघांचं लाकूड कधी एकजीव झालेलंच नसतं. म्हणून आता या जाती कोवळ्या फांदीच्या छाट कलमांनी नाहीतर टिश्यू कल्चरने, स्वतःच्या मुळांवर वाढवतात. गिऱ्हाइकाने विचारावं असा हा पहिला प्रश्न, पण विचारत कुणीच नाही. सगळे विचारतात, ‘वाढेल किती दिवसांत?’

आणखी एक बारकावा. मी ऑक्टोबरात या म्हणायची ते निवडायला, न्यायला नव्हे. जमिनीत वाढवलेलं आणि मुळांभोवतीच्या मातीच्या हुंडीसकट खणून काढलेलं रेड मेपल शरदात हलवलं की बरेचदा रुसतं. कुंडीतलं चालतं. तेव्हा ऑक्टोबरात झाड हेरायचं, फांदीला नावाची चिठ्ठी बांधायची आणि बर्फ वितळल्यावर घेऊन जायचं.

आता सरांच्या प्रश्नाकडे येते. पान रंगतं म्हणजे होतं काय?

भाड्याची खोली सोडायच्या आदल्या आठवड्यात आपण काय करतो? भांडीकुंडी, कपाट, पंखे, अगदी बल्बसुद्धा काढून नेतो. खिळे आणि पापुद्रे तेवढे मागे ठेवतो. झाड तेच करतं. दिवस लहान व्हायला लागले की पानातलं हरितद्रव्य मोडीत काढायला सुरुवात होते. त्यातलं आणि सोबतच्या प्रथिनांतलं नत्र झाडाला हवं असतं. पानातल्या नत्रापैकी निम्मं किंवा त्याहून अधिक गळण्यापूर्वी खोडाकडे, फांद्यांकडे परत जातं. देठाच्या बुडाशी एक नाजूक थर तयार होतो, आणि काम आटोपलं की त्या थरावरून पान सुटतं. वारा फक्त निमित्त. म्हणजे सरांच्या हिशेबात ‘गाळून टाकलं’ हा शब्दच चुकीचा होता, आणि मला वाटतं तो त्यांनी मुद्दाम चुकीचा वापरला होता.

पिवळ्या रंगाचं कोडं सोपं आहे. पिवळी द्रव्यं पानात उन्हाळाभर होतीच, हिरव्याखाली झाकलेली. हिरवं गेलं, पिवळं उघडं पडलं. झाडाला त्याचा नवा खर्च नाही. लाल मात्र वेगळं. लाल द्रव्य, अँथोसायनिन, मेपलच्या पानात उन्हाळ्यात जवळपास नसतं. ते शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत नव्याने बनतं, साखर खर्चून बनतं. खोली सोडताना भिंतींना रंग कोण देतं?

यावर बरेच तर्क आहेत. मला सगळ्यांत पटतो तो असा : हरितद्रव्याची यंत्रणा मोडकळीला आलेली असताना थंडीतलं लख्ख ऊन पानाला सोसवत नाही. पकडलेला प्रकाश वापरता येत नाही आणि त्यातून पेशींचं नुकसान होतं. तसं झालं तर नत्र काढून न्यायचं काम अर्धवट राहील. लाल रंग म्हणजे आवराआवर चालू असताना खिडकीला लावलेला पडदा. दुसरा तर्क डब्ल्यू. डी. हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन यांचा, २००१ साली छापलेला : भडक रंग म्हणजे माव्यासारख्या किडींना झाडाने दिलेला इशारा, की मी धट्टाकट्टा आहे, अंडी घालायला दुसरीकडे जा. तर्क मोठा देखणा आहे. पण नर्सरीत मला सगळ्यांत भडक दिसायची ती झाडं बहुतेक वेळा धट्टीकट्टी नसायची, हालात असायची. त्यामुळे माझं मन पहिल्याकडे झुकतं.

पडद्याची गोष्ट मी हाताने करून पाहिली आहे. खरं म्हणजे आधी झाडानेच दाखवली. ऑक्टोबरातल्या एका दुपारी मुलीने एक पान आणून दिलं. सबंध पान लाल, आणि मधोमध दुसऱ्या पानाची पिवळी आकृती. कडेचे दातसुद्धा स्पष्ट, देठाची रेघसुद्धा. कुणीतरी छापा मारावा तशी. तिला वाटलं मी रंगवलंय. झालं होतं एवढंच, की वरच्या फांदीवरचं एक पान या पानावर टेकून राहिलं होतं. जिथे सावली पडली तिथे लाल बनलंच नाही, खालचं पिवळं तेवढं उरलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात मी काळ्या कागदाच्या पट्ट्या कापून कपड्यांच्या चिमट्यांनी पंधरा-वीस पानांना लावल्या. शेजारीण कुंपणावरून बघत होती. तीन आठवड्यांनी पट्ट्या काढल्या, तर खाली सरळ कडांचे पिवळे पट्टे. त्यातलं एक पान मी सरांना पाकिटातून पाठवलं. उलट टपाली कार्डावर एकच ओळ आली, पडद्याचा खर्च काढलास का म्हणून.

या सगळ्यावरून लावणाऱ्याने काय करायचं ते उघड आहे. झाडाला सावलीत कोंबू नका. मोठ्या इमारतीच्या उत्तरेला लावलेलं मेपल पिवळं पडतं आणि लोक नर्सरीला शिव्या देतात. बाकी हवामानाच्या हातात : दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा पण हिव नाही, असे आठ-दहा दिवस मिळाले तर रंग चढतो, कारण दिवसा साखर बनते आणि रात्रीच्या गारव्यात ती पानातून सावकाश हलते. ढगाळ, दमट, उबदार ऑक्टोबर असेल तर झाड कितीही महागाचं असो, फिकंच राहतं. ऑगस्टात पाण्याची ओढ बसली तर पानं घाईने रंगून, कडा करपून गळतात.

आणि खत. इथे माझा एक गुन्हा कबूल करते. पहिली तीन वर्षं मी माझ्या मेपलच्या भोवती हिरवळीचं खत टाकायची. नत्राने गच्च भरलेलं, पोत्यावर हिरवीगार हिरवळ छापलेली असते ते. झाड तरारलं. पानं तळहातापेक्षा मोठी, गडद हिरवी. ऑक्टोबर संपला, आजूबाजूचे मेपल रंगून झडले, माझं आपलं हिरवंच. नोव्हेंबरात एका रात्री कडक हिव पडलं आणि सकाळी सगळी पानं उकडलेल्या अळूसारखी काळी-हिरवी होऊन लोंबत होती. शेजारणीचं मेपल वाळू-मुरमाच्या उतारावर, कधी चमचाभर खत न मिळालेलं. ते दर वर्षी पेटायचं. पोटभर जेवलेल्या झाडाला आवराआवरीची घाई नसते. पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथल्या एका विद्यार्थिनीचं काम वाचण्यात आलं. २००७ मध्ये मांडलेलं. नदीकाठच्या कसदार मातीतले रेड मेपल आणि स्वीटगम पिवळ्याकडे झुकतात, वरच्या नत्र कमी असलेल्या मातीतले लाल होतात, असं तिला आढळलं. मी पोतं शेजाऱ्याला देऊन टाकलं.

पण ते झाड खताने मेलं नाही. मेलं ते लावतानाच्या चुकीने, आणि ती चूक कळायला अकरा वर्षं गेली.

झाडाचं खोड जमिनीत शिरताना रुंदावतं. हत्तीच्या पायासारखा एक घेर असतो तिथे. तो घेर मातीच्या वर दिसला पाहिजे, हा लावणीचा पहिला नियम. माझं रोप कुंडीत वाढलेलं. कुंडीत भर घालताना वर चार बोटं माती चढलेली, आणि मी ती तशीच खड्ड्यात बसवली, वरून आणखी भर टाकली. खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत गेलेलं दिसायचं, मला ते नीटनेटकं वाटायचं. दहाव्या वर्षी एका बाजूची फांदी इतरांच्या आधी, सप्टेंबरच्या सुरुवातीलाच लाल झाली. मला आनंद झाला! लोकांना सांगत सुटले की यंदा रंग लवकर आला. एकच फांदी अवेळी रंगली तर आनंद नाही, काळजी करायची असते, हे मी काउंटरवर गिऱ्हाइकांना सांगायची ते घरी विसरले. पुढच्या वसंतात त्या बाजूला पानंच आली नाहीत. गुडघ्यावर बसून हाताने माती उकरली. वीतभर खाली मनगटाएवढं जाड मूळ खोडाभोवती वेटोळं घालून बसलं होतं. कुंडीच्या भिंतीला लागून गोल फिरलेलं ते मूळ मी मोकळं केलंच नव्हतं. मुळाची साल आणि खोडाची साल एकमेकींत रुतलेली. छिन्नी घेऊन तोडलं, पण उशीर झाला होता. उन्हाळ्यात झाड काढावं लागलं.

तेव्हा कुठलंही झाड लावताना, मग ते मेपल असो की आपल्याकडचं काहीही, कुंडीतून काढल्यावर हुंडीच्या कडेने गोल फिरलेली मुळं सोडवा, सुटत नसतील तर कापा. पिशवीतल्या रोपांनाही हेच. खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण हुंडीपेक्षा खोल नको, सैल मातीत झाड खचतं. आळं करा. आच्छादन दोन-तीन इंच, आणि ते खोडाला टेकलेलं नको. अमेरिकेत बागकामाचे कंत्राटदार खोडाशी लाकडाच्या भुशाचा उंच ढीग रचतात, ज्वालामुखीसारखा. सगळ्या वसाहतींत तोच नमुना. ढिगात साल कुजते, नवी मुळं भुशातच वेटोळी घालतात. मी किती जणांना सांगितलं असेल, पण ढीग नीटस दिसतो ना.

नीटस दिसण्याबद्दल बोलायचं तर ब्रॅडफर्ड पेअर टाळता येणार नाही. चीनमधलं हे जंगली नाशपातीचं झाड अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलं ते फळझाडांच्या भल्यासाठी. फायर ब्लाइट नावाचा जिवाणूंचा रोग नाशपातीच्या बागा जाळत होता, आणि हे झाड त्याला दाद देत नव्हतं, म्हणून खुंटासाठी. मेरीलँडमधल्या ग्लेन डेलच्या सरकारी केंद्रात त्यातलं एक बिनकाट्याचं, डौलदार झाड कुणाच्या डोळ्यात भरलं. केंद्रप्रमुख ब्रॅडफर्ड यांचं नाव देऊन १९६३ मध्ये ते शोभेसाठी बाहेर काढलं. वसंतात पांढराशुभ्र बहर, नोव्हेंबरात उशिरापर्यंत टिकणारी किरमिजी पानं, कुठल्याही मातीत येणार, कीड नाही. आणखी काय हवं? उपनगरांच्या उपनगरांत तेच.

दोष हळूहळू बाहेर आले. बहराला कुजक्या मासळीचा वास. फांद्या खोडाच्या एकाच जागेवरून अरुंद कोनात फुटलेल्या, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांनी वाऱ्यात झाड कलिंगडासारखं मधोमध फाटतं. ते फाटू नये म्हणून नव्या जाती काढल्या, आणि तिथे खरी गोची झाली. ब्रॅडफर्ड एकटं होतं तोवर त्याला फळ धरत नव्हतं, कारण स्वतःच्या परागाने ते फळत नाही. वेगळ्या जाती शेजारी आल्या, खुंटातून फुटवे फुटून फुलले, संकर झाले, पक्ष्यांनी बारकी फळं खाऊन बी रानोमाळ नेलं. आज तिकडच्या पडीक शेतांत आणि हमरस्त्यांच्या कडेला मार्चमध्ये पांढरी रानं दिसतात. पूर्वजांचे काटे त्यात परत आलेले, ट्रॅक्टरचे टायर फाडणारे. ओहायोने २०२३ च्या जानेवारीपासून विक्रीवर बंदी घातली, पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये. मी स्वतः ती झाडं विकली आहेत, ट्रकभर. गिऱ्हाइकाला सांगायची, ‘याला काहीही करावं लागत नाही.’ ज्या झाडाला काहीच करावं लागत नाही ते कुठेही जाऊ शकतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. बर्निंग बुश नावाच्या झुडपाची, नॉर्वे मेपलची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच, म्हणून ती सांगत नाही.

रेड मेपल निदान त्या मातीतलं आहे. आणि लाल रंगाचा डंका अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि जपान-चीनकडेच का, युरोपात बहुतेक पिवळंच का, हाही मजेदार प्रश्न आहे. अमेरिकन लेखक थोरोने त्या रंगांवर लिहिलेला ‘ऑटम्नल टिंट्स’ हा लेख त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १८६२ च्या ऑक्टोबरात छापून आला. युरोपातून आलेल्या माणसाला हे रंग पाहून नवल वाटतं, असं त्यानेही त्यात नोंदवलंय. २००९ मध्ये लेव्ह-यादुन आणि होलोपाइनेन या दोघांनी यावर एक धाडसी कल्पना मांडली. अमेरिकेतल्या डोंगररांगा उत्तर-दक्षिण, युरोपातल्या पूर्व-पश्चिम. हिमयुग आलं तेव्हा अमेरिकेतली झाडं आणि त्यांच्या किडी डोंगरांना समांतर दक्षिणेकडे सरकत वाचल्या. युरोपात आल्प्स आडवा आला, अनेक झाडं संपली, त्यांच्याबरोबर त्यांच्या किडीही. शत्रू गेला, तर इशाऱ्याचा लाल रंग कुणासाठी? पटो न पटो, नकाशा उघडून बघायला लावणारा विचार आहे. सरांना हा तर्क फार आवडला असता, कारण त्यांनी लगेच विचारलं असतं, ‘मग सह्याद्रीचं काय?’

सह्याद्रीकडेच येते. परत आल्यापासून मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, ताई, मेपलचं बी आणता येईल का? इंटरनेटवर पाकिटं मिळतात, त्यावर लाल जंगलाचा फोटो असतो. पैसे घालवू नका. रोप उगवेलही, पण कळ्यांना काही आठवड्यांची खरी थंडी लागते. ती मिळाली नाही तर झाडाला झोप नाही, आणि झोप नाही तर रंगही नाही. त्यात पुण्या-नगरकडची काळी, चुनखडीची माती. अल्कधर्मी मातीत रेड मेपलला मँगनीज मिळत नाही, पानं भर उन्हाळ्यातच पिवळी पडतात.

आपल्याकडे लाल रंग दोनदा येतो, बघायची सवय नाही एवढंच. फाल्गुन-चैत्रात कुसुंबाला नवी पालवी फुटते ती लाल, इतकी की घाटातून बसने जाताना लोक फुलं समजतात. पिंपळाची कोवळी तांबूस पानं दारोदारी आहेत. हे मेपलच्याच घराण्यातलं लाल द्रव्य, फक्त कोवळ्या पानाच्या रक्षणाला आलेलं. कोवळ्या पानाचीही यंत्रणा अर्धवट असते, सोडून जायच्या पानासारखीच. आणि गळण्यापूर्वी लाल होणारी आपली दोन झाडं तर शहरातच आहेत. एक तामण. आपलं राज्यफूल म्हणून त्याच्या जांभळ्या फुलांचे फोटो सगळे काढतात, पण थंडीत त्याची पानं तांबडी-केशरी होतात तेव्हा कुणी मान वर करत नाही. लहान सोसायटीत लावायचं झाड म्हणून मी आता तामण सुचवते. सावलीत कोंबू नका, लावताना मघाचं वेटोळं आठवा. दुसरा देशी बदाम. त्याला जागा भरपूर लागते, फांद्या छत्रीसारख्या आडव्या पसरतात, पानं वहीच्या पानाएवढी. बंगल्याच्या कुंपणाला चिकटून लावलात तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं.

माझी एक वही आहे. न्यू जर्सीत दर वर्षी पहिलं लाल पान कधी दिसलं, शेवटचं कधी गळलं, हे त्यात लिहायची. जपानच्या हवामान खात्याकडे अशी नोंद कित्येक दशकांची आहे. २०२१ पासून त्यांनी निरीक्षणांची यादी छाटून प्राणी सगळे काढून टाकले आणि सहाच वनस्पती ठेवल्या, त्यांतही मेपल आणि गिंको राहिले. माझ्या वहीतली अर्धी पानं कोरी होती. परत आल्यावर त्यांत या आवारातल्या बदामाच्या तारखा सुरू केल्या.

हो, याच सभागृहाच्या फाटकाजवळचा बदाम. तुम्ही त्याच्याखाली गाड्या लावल्या आहेत. सध्या तो निम्मा लाल आहे. इथला शिपाई रोज सकाळी सात वाजता खालची पानं पोत्यात भरतो आणि माझ्याकडे तक्रार करतो. गेले चार दिवस मी त्याच्याआधी येऊन पोत्यात जाणारी पानं चाळतेय. दुसऱ्या पानाच्या सावलीचा पिवळा ठसा असलेलं पान मला बदामाचं हवंय. सरांच्या हर्बेरियममध्ये मेपलच्या त्या पट्ट्यावाल्या पानाशेजारी एक कागद रिकामा आहे, त्यावर लावायला. अजून सापडलेलं नाही. जाताना मोबाईलचा दिवा लावून जरा खाली बघा. सापडलं तर देठाला धरा, पात्याला नको, आणि उद्या सातच्या आत फाटकाशी आणून द्या.